गॅरेजचा ओपनर: छताला की भिंतीला? (दोन्ही वापरून झाल्यावर)

आमचं घर न्यू जर्सीत, एडिसनजवळ. गॅरेज दोन गाड्यांचं, पण दारं वेगवेगळी. डाव्या दाराला घर घेतलं तेव्हापासूनचा छताचा बेल्टवाला ओपनर (आडव्या पॅनलचं दार वर छताखाली सरकवणारी मोटर) आहे. उजव्यालाही तसलाच होता, तो तीन हिवाळ्यांपूर्वी काढून मी भिंतीवरचा बसवला, ज्याला इथली दुरुस्तीवाली मंडळी जॅकशाफ्ट म्हणतात तो. म्हणजे घर एक, थंडी एक, दारं एकाच वयाची आणि दोन्ही ओपनर रोज वापरात, त्यामुळे कोणी "कुठला घेऊ" विचारलं की माझ्याकडे सांगायला काहीतरी आहे. अर्थात हे सगळं माझ्या गॅरेजपुरतं, तुमचं दार वेगळं असेल तर हिशोब वेगळा.

हॉर्सपॉवर, रिमोटची रेंज, वायफाय आहे का, हे बॉक्सवर वाचता येतंच, त्यात जात नाही. पैशाचंही एका वाक्यात सांगतो: भिंतीवरचा साधारण दुप्पट महाग पडतो, आणि बसवायला माणूस बोलावला तर त्याचे वेगळे.

आता मी मुळात का बदलला ते, कारण खरं सांगायचं तर आवाज, जागा, दिसायला छान वगैरे कारणं मी बायकोला नंतर दिली. खरं कारण लाल दोरी.

छताच्या ओपनरला मधोमध रेल असते, तिच्यावर ट्रॉली पुढेमागे जाते आणि त्या ट्रॉलीला एक लाल मुठीची दोरी लटकते, वीज गेली किंवा काही अडकलं तर ओढायची, की ट्रॉली सुटते आणि दार हाताने उघडता येतं. चांगलीच सोय आहे, असलीच पाहिजे. माहितीपत्रकात मूठ जमिनीपासून ६ फुटांवर ठेवा आणि गाडीत अडकणार नाही हे बघा असं दोन्ही लिहिलेलं असतं. माझी एसयूव्ही टपापर्यंत पावणेसहा फूट, आणि त्या उन्हाळ्यात मुलांच्या सायकलींसाठी आम्ही टपावर रॅक बसवला. झालं. सकाळी सव्वासहाला अंधारात गाडी मागे घेताना दोरी रॅकच्या दांडीला अडकायची, हलकासा झटका बसायचा (जो मला अजिबात कळायचा नाही, रेडिओ चालू), ट्रॉली सुटायची, आणि मी रस्त्यावर येऊन रिमोट दाबून निघून जायचो. मोटर फिरायची, ट्रॉली रिकामीच पुढे जाऊन बसायची, आणि दार तसंच सताड उघडं, कारण बॅलन्स चांगला असलेलं, म्हणजे वजन स्प्रिंगने नीट तोललेलं दार सुटलं तरी खाली पडत नाही, जिथं आहे तिथंच राहतं.

आणि ॲप काय म्हणतंय? "बंद". कारण माझ्या त्या ओपनरला दार कुठे आहे हे माहीतच नव्हतं, त्याला फक्त त्याची ट्रॉली कुठे आहे हे माहीत. दारावर वेगळा सेन्सर लावला असेल तर गोष्ट वेगळी, माझ्याकडे नव्हता.

सगळ्यात वैताग म्हणजे संध्याकाळी घरी यावं, दार उघडं दिसावं, बटण दाबावं तर ट्रॉली मागे येऊन टकदिशी पुन्हा अडकते आणि सगळं एकदम शहाण्यासारखं चालायला लागतं! पुरावा नष्ट. पहिल्या दोन वेळा मला वाटलं मीच बंद करायला विसरलो, घरात त्यावरून बोलणीही खाल्ली. तिसऱ्या वेळी शेजारच्या गुजराती काकांनी दुपारी फोन केला की भाई तुमचं गॅरेज सकाळपासून उघडं आहे, मी फोनवर ॲप उघडून त्यांना सांगतोय की नाही हो बंद आहे, आणि ते म्हणतायत मी समोर उभा आहे. त्या रात्री टॉर्च घेऊन वर बघितलं तर मुठीवर रॅकचा काळा रंग घासलेला.

मग दोरीला गाठ मारून ती वर बांधून टाकली. ऑगस्टमध्ये वादळात वीज गेली तेव्हा मी ऑफिसात, बायको गॅरेजमध्ये, हात पोचेना, स्टूल बेसमेंटमध्ये. कंपनी कुठली ते सांगण्यात अर्थ नाही, छताच्या प्रत्येक ओपनरला ही दोरी असतेच. रॅक काढून ठेवणं हाही उपाय होता, आणि ज्यांच्या गाड्या बुटक्या आहेत त्यांना हा परिच्छेद उगाच लांबलेला वाटेल, त्यांनी छताचाच घ्यावा आणि उरलेल्या पैशात इंडियाचं एखादं तिकीट स्वस्त करावं.

भिंतीवरच्यालाही दोरी आहे. पण ती दाराच्या कडेला मोटरच्या खाली, भिंतीशी. गाडी तिथे जाणार म्हणजे आधी भिंतीला लागणार.

आता दोघांच्या कामातला फरक, जो विकणारे फारसा सांगत नाहीत. छताचा ओपनर दाराला वरच्या पॅनलला धरून ओढतो आणि ढकलतो. भिंतीवरचा दाराला हातच लावत नाही, तो दाराच्या वरचा आडवा शाफ्ट फिरवतो, शाफ्टवरच्या ड्रमवर केबल गुंडाळली जाते आणि त्या केबल दाराच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बांधलेल्या असतात. याचा फायदा मला जानेवारीत कळला. खालचं रबर बर्फाने जमिनीला चिकटतं तेव्हा डाव्या दाराचं वरचं पॅनल धनुष्यासारखं वाकतं, बघवत नाही, उजवं दार मात्र खालून उचललं जातं आणि चर्रकन सुटतं. (दोन्हीकडे सिलिकॉनचा स्प्रे मारायला हवा, मी दर वर्षी ठरवतो.)

तोटाही त्यातच. भिंतीवरचा दाराला खाली ढकलू शकत नाही, तो फक्त केबल सोडतो, खाली यायचं काम दाराने स्वतःच्या वजनाने करायचं. दार पूर्ण उघडं असताना सगळं आडव्या ट्रॅकवर झोपलेलं असतं, तिथून त्याला खाली घसरायची इच्छाच होत नाही, मग केबल ढिली पडते, ढिली केबल ड्रमवरून उतरली तर मोठं काम निघतं म्हणून एक सेन्सर ती ढिली पडताच सगळं थांबवतो. माझ्याकडे पहिल्या थंडीत हे आठवड्यातून दोनदा व्हायचं, दार चार इंच खाली यायचं, विचार करायचं, परत वर. मी हैराण, इतके पैसे घालून हेच का. शेवटी आलेल्या माणसाने पाच मिनिटांत उघडण्याची मर्यादा थोडी कमी केली, म्हणजे दार आता पूर्ण वर न जाता खालचं पॅनल वळणातच लटकत राहतं, त्याचं वजन बाकीच्यांना खाली खेचतं. वर रोलरना तेल. तेव्हापासून दोन हिवाळ्यांत एकदाच झालंय. पण बसवतानाच हे करून घ्या, नाहीतर माझ्यासारखे डिसेंबरभर ड्राइव्हवेत उभे राहाल.

म्हणून बॉक्स मागवण्याआधी एक करा. दार बंद असताना दोरी ओढून ट्रॉली सोडा, दार हाताने कमरेपर्यंत उचला आणि सोडून द्या. तिथंच थांबलं तर ठीक. धाडकन खाली आलं किंवा वर पळालं तर आधी स्प्रिंग नीट करून घ्या, आणि स्प्रिंगला स्वतः हात लावू नका, पानेबिने घेऊन अजिबात नको, त्यात भरलेल्या ताकदीने लोकांची मनगटं मोडतात.

जागेचं मोजमापही घ्या. स्प्रिंग दाराच्या वर आडव्या शाफ्टवर असली पाहिजे, ज्यांच्या स्प्रिंग दोन्ही बाजूंना ट्रॅकवर ताणलेल्या असतात त्यांना जॅकशाफ्ट चालत नाही, आणि वेन डाल्टन कंपनीच्या टॉर्कमास्टर प्रकारात स्प्रिंग नळीच्या आत लपलेली असते त्यालाही नाही. शाफ्ट एक इंच जाड, त्याचं टोक धरणाऱ्या बेअरिंग प्लेटच्या बाहेर दीडेक इंच तरी आलेला हवा. बाजूला भिंतीपर्यंत लिफ्टमास्टर कंपनीचा ८५००डब्ल्यू हा भिंतीवरचा ओपनर साडेआठ इंच मागतो, इतरांचा आकडा माहितीपत्रकात बघा. माझ्याकडे सेंट्रल व्हॅक्यूमचा पाइप नेमका तिथून खाली आलेला, तो सरकवायला अर्धा शनिवार गेला.

बारीकसारीक बाकीचं. आवाज: डाव्याचा कंप छतातून वरच्या बेडरूमच्या जमिनीत जातो, उजव्याचा जात नाही, मी मशीन लावून मोजलं नाही पण त्या खोलीत झोपणारे पाहुणे डाव्या दारालाच उठतात. दिवा: छताच्या ओपनरमध्ये असतो, भिंतीवरच्याचा वेगळा येतो, त्याला छतात प्लग शोधा. कुलूप: छताच्या ओपनरची ट्रॉली दार दाबून धरते, भिंतीवरचा तसं धरत नाही, म्हणून ट्रॅकमध्ये खिळा सरकवणारं इलेक्ट्रिक कुलूप लागतं, काही मॉडेलबरोबर येतं, काहींना वेगळं घ्यावं लागतं, विचारून घ्या, ते नको म्हणू नका. वीज गेल्यावर ओपनर चालवणारी बॅटरी दोन्ही प्रकारांत मिळते. कॅलिफोर्नियावाल्यांना तर जुलै २०१९ पासून नव्या ओपनरला ती सक्तीचीच आहे, २०१७ च्या वणव्यांत वीज गेली आणि लोक गॅरेजमध्ये अडकले त्यावरून तो कायदा आला. फक्त काही वर्षांनी बॅटरी म्हातारी झाली की ती रात्री तीनला पिक पिक करून कळवते.

ॲपसाठी भांडणारे आहेत त्यांच्यासाठी इतकंच, लिफ्टमास्टर आणि चेंबरलेन एकाच घरातली भावंडं, दोघांचं ॲप मायक्यू. जीनी ही कंपनी वेगळी, तिचं ॲलॅडिन कनेक्ट. २०२३ च्या शेवटी मायक्यूने बाहेरच्या अनधिकृत ॲपना दार बंद केलं आणि होम असिस्टंटनेही (घरातली उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) मायक्यूची जोडणी काढली, तेव्हापासून ते वापरणारी जमात ओपनरला रॅटजीडीओ नावाचं छोटं बोर्ड जोडून काम चालवते. मी त्यात पडलो नाही.

आणि छत. रेल गेल्यावर उजव्या बाजूला वर जी मोकळी जागा निघाली तिथे लोखंडी रॅक टांगलाय, तेवीस किलोवाल्या चार बॅगा, गणपतीचं मखर आणि थर्मोकोलचे खांब (जे टाकून द्यायचे आहेत) सगळं तिकडे गेलं. आधी हे सामान बेसमेंटच्या जिन्याखाली असायचं आणि ऑगस्टमध्ये मखर काढताना रोज एक भांडण.

तर माझं मत विचारलंत तर भिंतीवरचा, जर दार चांगल्या बॅलन्सचं असेल, बाजूला जागा असेल आणि गाडी उंच असेल किंवा छत हवं असेल तर. यातलं काही कमी पडत असेल तर छताचा बेल्टवाला काही वाईट नाही, डावीकडचा आमचा आजतागायत एकदाही बंद पडलेला नाही हेही खरं.

डावीकडे बायकोची सेडान लागते, दोरी तिच्या टपापासून फूटभर वर राहते, म्हणून तिथे घाई नाही. पण साध्या स्प्रिंगचं आयुष्य दहा हजार फेऱ्यांच्या आसपास धरतात, दिवसाला चार धरल्या तर सातेक वर्षं, आणि आमची आता आठव्यात आहे. ती तुटली की माणूस येणारच, त्याच फेरीत इथेही भिंतीवरचा बसवून घेईन. शाफ्ट परवा मोजून ठेवला, बाहेर पावणेदोन इंच आलाय.