बोट नाही, तरी बास क्लबात जागा मिळते का? मिळते! (अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉली-कॅरी भागातल्या क्लबचा रिव्ह्यू)

कॅरी, एपेक्स, होली स्प्रिंग्ज, मॉरिसव्हिल या पट्ट्यात राहणाऱ्या ज्या कोणाला मासे गरवायची आवड आहे आणि जे अजून तळ्याच्या काठावर खुर्ची टाकून एकटेच बसतात त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू लिहितेय. इथल्या एका लोकल बास क्लबची मी मेंबर आहे. क्लब छोटा आहे, सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून नाव इथे टाकत नाही, हवं असेल त्यांनी मेसेज करा, सांगते. तसंही या भागातल्या बऱ्याच क्लबांची पद्धत साधारण अशीच असते त्यामुळे बाकी क्लब बघणाऱ्यांनाही उपयोग होईल. माझे पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली लिहिलंय आणि ते मी क्लबवाल्यांना मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलेलंही आहे.

आधी बेसिक. बास म्हणजे इथे मुख्यतः लार्जमाउथ बास, गोड्या पाण्यातला, हिरवट अंग, कडेने काळपट पट्टा, आणि तोंड एवढं मोठं की मिटलं तरी जबड्याचं टोक डोळ्याच्या मागे जातं. गळाला लागला की पाण्याबाहेर उडी घेऊन डोकं झटकतो आणि तेवढ्यात दोरी जरा जरी ढिली पडली की गेला. मी रेवदंड्याची, लहानपणी काकाबरोबर खाडीवर जिताड्यासाठी तासन्‌तास बसलेली, त्यामुळे तो झटका हाताला ओळखीचा होता, इथे आल्यावर बऱ्याच वर्षांनी तो परत लागला तेव्हा काय वाटलं ते ज्यांनी गरवलंय त्यांनाच कळेल.

क्लबात महिन्यातून एक मीटिंग, एका बार्बेक्यूवाल्याच्या मागच्या खोलीत, आणि साधारण फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत महिन्याला एक शनिवार टुर्नामेंट. जॉर्डन लेक, हॅरिस लेक, फॉल्स लेक ही घरची मैदानं, कधीतरी लांब व्हर्जिनियाच्या हद्दीवर केर लेकला जातात. नियम सोपा: दिवसभरात पकडलेल्यातले सगळ्यात चांगले पाच बास जिवंत आणायचे, वजन करायचं, परत पाण्यात सोडायचे, पाचांचं मिळून ज्याचं वजन जास्त तो पहिला. मासा मेलेला आणला तर आमच्याकडे वजनातून चार औंस कापतात आणि हे सगळे फार सिरियसली घेतात.

आता मुद्द्याचं. नवीन माणूस बास क्लबकडे फिरकतच नाही त्याचं कारण मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकच सांगितलं, आमच्याकडे बोट नाही. खरंय, नवी बास बोट साठ-सत्तर हजार डॉलरला सहज जाते, वर ती ओढायला तसा ट्रक पाहिजे, ठेवायला जागा पाहिजे, अपार्टमेंटमध्ये राहणारा माणूस कुठून आणणार. पण या क्लबांत निम्मे लोक बोट नसलेलेच असतात! त्यांना नॉन-बोटर म्हणतात. टुर्नामेंटच्या आधीच्या मीटिंगला बोटवाल्यांची नावं एका टोपीत, नॉन-बोटरची दुसऱ्या टोपीत, चिठ्ठ्या काढतात आणि जोड्या लागतात. बोटवाला पुढच्या डेकवर उभा राहून ट्रोलिंग मोटर (बोट हळूहळू सरकवणारी छोटी विजेची मोटर) चालवतो, तुम्ही मागच्या डेकवरून गळ टाकता, आणि तुमच्या माशांच्या वजनाची तुलना बोटवाल्यांशी नाही तर बाकीच्या नॉन-बोटरशी होते, बक्षीसही वेगळं. म्हणजे पुढच्याने सगळी चांगली जागा आधी झोडपली तरी मागे बसलेले सगळे त्याच अडचणीत, स्पर्धा बरोबरीची राहते. हे एवढं चांगलं डिझाइन आहे आणि क्लबच्या बाहेर कोणालाच माहीत नाही.

मागच्या सीटवर शिकायला जेवढं मिळतं तेवढं यूट्यूबवर मिळत नाही, हे मी मनापासून सांगतेय. दर महिन्याला वेगळा बोटवाला म्हणजे दर महिन्याला वेगळा मास्तर. एक जण दिवसभर लाकडांच्या आणि झुडपांच्या मुळाशी जिग (डोक्याशी वजन असलेला गळ) टाकतो, दुसरा पंधरा-वीस फूट पाण्यात कॅरोलायना रिग (पुढे वजन, मागे आमिष, तळावरून ओढायचं) ओढत बसतो, तिसरा सकाळचा पहिला तास फक्त फ्रॉग, म्हणजे तरंगणारा खोटा बेडूक, कडेच्या गवतावरून. हॅरिस लेकवर एका काकांनी (वय सत्तरीच्या पुढे, काकाच म्हणते) मला वॅकी रिग शिकवली, म्हणजे मऊ प्लास्टिकचा गांडूळ मधोमध गळाला टोचायचा, वजन काही लावायचं नाही, टाकायचा आणि हात स्वस्थ ठेवायचे. तो आपल्या वजनाने दोन्ही टोकं थरथरवत खाली जातो. मासा ओढेल म्हणून वाट बघायची नाही, दोरीकडे बघायचं, दोरी पाण्यावर सैल पडलेली असते ती हळूच बाजूला सरकायला लागली की तोच मासा. समोर अणुवीज केंद्राचा तो प्रचंड कूलिंग टॉवर, त्याची वाफ, आणि आम्ही दोघं काही न बोलता दोरीकडे बघत उभे. दोरी सरकली की ते मागे न बघताच म्हणायचे, नाऊ.

दुसरी गोष्ट जी बघून मी जाम इंप्रेस झाले ती कलिंग. पाच मासे झाले आणि सहावा लागला की सगळ्यात लहान सोडून द्यायचा, पण चालत्या बोटीत दोन सारखे दिसणारे मासे, लहान कुठला हे ओळखणार कसं? तर एक छोटी दांडी असते, मधे धरायला मूठ, दोन्ही टोकांना क्लिप, प्रत्येक माशाच्या जबड्याला रंगीत टॅग लावलेला असतो, दोन मासे दोन टोकांना अडकवून उचलायचे, जी बाजू वर गेली तो लहान, तो पाण्यात. काही सेकंदांचं काम, आणि बाकीचे लगेच परत लाइव्हवेलमध्ये (मासे जिवंत ठेवायची बोटीतली पाण्याची टाकी), पंपाने सतत हवा चालू. उन्हाळ्यात त्यात बर्फाच्या बाटल्या टाकतात. माशाची एवढी काळजी घेणारी माणसं बघून बरं वाटतं.

आता आपल्या लोकांचा नेहमीचा प्रश्न, खायचा नाही तर पकडायचा कशाला. आणि जे शाकाहारी आहेत ते उलट बाजूने विचारतात, सोडायचाच आहे तर त्याला त्रास कशाला देता. दोन्ही प्रश्न मला रास्त वाटतात, थातूरमातूर उत्तर देणार नाही. ही सोडून द्यायची पद्धत रे स्कॉट नावाच्या माणसाने रुजवली, अलाबामाचा इन्शुरन्स विकणारा माणूस, त्याने १९६७ साली आर्कान्सॉमधल्या बीव्हर लेकवर मोठी टुर्नामेंट भरवली, त्यातून पुढे बी.ए.एस.एस. ही संघटना उभी राहिली, आणि १९७२ पासून त्याने पकडलेला मासा मारू नका ही मोहीम चालवली. त्याआधी टुर्नामेंट म्हणजे दोरीला ओवलेले मेलेले मासे. एवढी माणसं एका तळ्यावर उतरणार असतील तर मोठे मासे परत गेलेच पाहिजेत, नाहीतर तळं रिकामं व्हायला वेळ लागत नाही, हे मला पटतं. माशाला काहीच होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही, होतं, म्हणूनच हाताळायचं नीट शिकून घ्या: हात ओले करून धरायचा, मोठा मासा फक्त जबड्याने आडवा लटकवायचा नाही, पोटाखाली दुसरा हात द्यायचा. आणि खाण्याबद्दल, इथल्या हेल्थ खात्याची लार्जमाउथ बासबद्दल पाऱ्याची सूचना आहे, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी तो खाऊ नये असं ते सांगतात, तेव्हा कालवणाचा विचार करत असाल तर आधी ते वाचा.

बायकांसाठी खास. अनोळखी पुरुषाबरोबर आठ तास एका बोटीत, हा विचार करूनच कितीतरी जणी मागे फिरतात, मीही आधी हेच विचारलं होतं. प्रेसिडेंटने तिथल्या तिथे सांगितलं की ड्रॉमध्ये आलेलं नाव नको असेल तर कारण न देता बदलून मागायचं, कोणी विचारणार नाही, आणि खरंच कोणी विचारत नाही. बाथरूमचंही कोणीतरी उघड बोललं पाहिजे म्हणून बोलते: मधेच रॅम्पवर (बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर) न्यायला सांगायचं, बोटवाला नेतो, सकाळी निघतानाच सांगून ठेवलं की त्यालाही अवघड होत नाही. सेफ्टी चांगली आहे, मोठं इंजिन चालू असताना लाइफ जॅकेट घातलेलंच पाहिजे आणि किल स्विचची दोरी (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारी) बोट चालवणाऱ्याच्या अंगाला लावलेली पाहिजे, ती तर एप्रिल २०२१ पासून केंद्राच्या कायद्यानेच सक्तीची आहे.

एक गोष्ट जुनी मंडळी नवीन माणसाला हमखास सांगतात. ब्रायन कर्चल नावाचा कनेक्टिकटचा पोरगा, हॉटेलात कुकचं काम करायचा, लोकल क्लबच्या वाटेने चढत चढत बासमास्टर क्लासिकपर्यंत पोचला, म्हणजे या खेळातली सगळ्यात मोठी स्पर्धा. १९९३ ला शेवटचा आला. १९९४ ला परत क्वालिफाय झाला, त्या वर्षी क्लासिक आपल्याच राज्यात हाय रॉक लेकवर होती, आणि सगळ्या प्रोफेशनल लोकांना मागे टाकून तो जिंकला, वय फक्त २३. त्याच वर्षी १३ डिसेंबरला रॉली-डरहॅमला उतरणारं त्याचं विमान मॉरिसव्हिलजवळ पडलं आणि त्यात तो गेला. आपण रोज ज्या भागातून ऑफिसला जातो तिथे. क्लबातले जे लोक तेव्हा हाय रॉकला वजन बघायला गेले होते ते अजून सांगताना थांबतात. मला वाटतं नवीन माणसाला क्लबचं महत्त्व सांगायला कुठल्याही फ्लायरपेक्षा ही गोष्ट पुरेशी आहे.

आणि आता कापलेला स्टार. क्लबला नवीन मेंबर पाहिजेत, दर मीटिंगला तेच रडगाणं, सरासरी वय वाढतंय, पोरं येत नाहीत. पण करतात काय? बेट शॉपमध्ये (गळ-आमिषाच्या दुकानात) लावलेल्या फ्लायरवर तीन चकचकीत बोटी आणि ट्रॉफ्या, नॉन-बोटर हा शब्दच नाही. फेसबुक पेजवर मेसेज टाका, उत्तर यायला आठवडे लागतात. मीटिंगला नवीन चेहरा आला की हात मिळवतात, बसवतात आणि मग अर्धा तास लाइव्ह सोनारवर (पाण्याखालचे मासे स्क्रीनवर थेट दाखवणारं यंत्र) वाद, चालू द्यावा की बंद करावा, त्या बिचाऱ्याला यातलं काही कळत नाही, तो फ्राइज खाऊन निघून जातो. परत दिसत नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

त्याहून वाईट म्हणजे कधीकधी बोटवाले कमी पडतात आणि नॉन-बोटर जास्त, मग शेवटी नाव दिलेल्याला घरी बसावं लागतं. शेवटी नाव देणारा कोण, तर नवीनच! बोलावून आणलेल्या पाहुण्याला जेवायला ताट नाही, असं होतं ते. माझं म्हणणं, नव्या मेंबरची पहिली टुर्नामेंट ड्रॉच्या बाहेर ठेवा, त्याची सीट आधी पक्की करा आणि ज्याला शिकवायची हौस आहे अशाच बोटवाल्याबरोबर बसवा. गप्प राहणारे, मागच्याला वाळीत टाकणारे एक-दोन आहेत, पहिल्याच दिवशी तो वाट्याला आला की संपलं. यावर माना हलवल्या सगळ्यांनी, लिहून मात्र अजून काही झालेलं नाही.

दुसरी सूचना ४ जुलैची. त्या दिवशी नॉर्थ कॅरोलायनात कोणालाच फिशिंग लायसन लागत नाही, एरवी १६ वर्षांपासून पुढे लागतं. राज्याच्या वाइल्डलाइफ खात्याच्या योजनेत काही पार्कांत रॉडसुद्धा फुकट वापरायला मिळतात. क्लबने त्या दिवशी जॉर्डन लेकच्या काठावर दोन टेबलं टाकली, पोरांना गाठ मारायला शिकवली, तर आपल्याच लोकांची किती कुटुंबं तिथे पिकनिकला आलेली असतात, त्यातली निम्मी मुलं रॉड सोडणार नाहीत. यंदा मी आणि अजून दोघं हे करणार आहोत, क्लबने परवानगी दिलीये, मराठी बोलणारे दोन-तीन हात मिळाले तर फार बरं होईल.

पैशांचं: वर्षाची फी सगळं धरून शंभर डॉलरच्या आसपास, टुर्नामेंटची एंट्री तीस, मोठ्या माशाच्या बक्षिसाचे पाच वेगळे. बोटवाल्याला पेट्रोलचे पैसे द्यायचे, आमच्याकडे तीस-चाळीस देतात, तो नको म्हणाला तरी द्या. रॉड तीन-चारच न्या, दहा नेऊन त्याच्या डेकवर पसारा करू नका. त्याच्या पुढे पाण्यात टाकायचं नाही, आपण मागची बाजू सांभाळायची. रॅम्पवर ट्रेलर मागे घेताना दोरी धरायला उतरा, एवढ्याने पुढच्या वेळी तो स्वतःहून तुमचं नाव मागतो.

पाहुणे म्हणून मीटिंगला फुकट येता येतं, बोट-रॉड काही लागत नाही. डिसेंबर किंवा जानेवारीच्या मीटिंगला या, कारण सीझनची नावं तेव्हाच भरतात आणि जूनमध्ये आलात तर मागच्या सीट बहुतेक गेलेल्या असतात. आत आल्यावर खिडकीकडच्या टेबलावर मी असते.