तीन मडक्यांचं खत: दहा महिने आणि एक अख्खा पावसाळा

ओल्या कचऱ्याचं खत करणारा हा तीन मडक्यांचा संच घेण्याआधी मी जेवढे अभिप्राय वाचले, ते बहुतेक पंधरा-वीस दिवसांच्या वापरावरचे होते. पंधरा दिवसांत मडकं काय वाईट वागणार? म्हणून मुद्दाम थांबलो. नोव्हेंबरात घेतलेलं, मध्ये बेळगावचा एक अख्खा पावसाळा गेला, गणपती झाले, आणि आता लिहायला बसलोय.

वस्तू साधी आहे. एकावर एक बसणारी तीन मातीची मडकी. वरच्या दोघांना तळ नाही, दोरीची जाळी आहे. सगळ्यात खालच्याला पक्का तळ. घरातला ओला कचरा वरच्यात टाकायचा, त्यावर मूठभर कोरडं पसरायचं, झाकण ठेवायचं. वरचं भरलं की ते मध्ये आणि मधलं रिकामं वर. तेही भरलं की आधीचं अर्धवट मुरलेलं खालच्या मडक्यात ओतायचं आणि विसरून जायचं. सोबत कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) विटा, 'कल्चर'ची (कुजवणाऱ्या जिवाणूंची) पुडी आणि एक खेळण्यातलं वाटावं असं खुरपं. ऑनलाइन २,८५० रुपये. आम्ही घरात पाच माणसं: आई, बायको, दोन मुलं, मी. पहिल्या आठवड्यात ओला कचरा रोज तोलून बघितला, सरासरी दिवसाला ९०० ग्रॅमच्या आसपास भरला. एवढ्याला हा संच पुरतो. सात-आठ माणसांच्या घराला पुरणार नाही.

बायकोनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "तुम्ही आणलासा, तुम्हीच बघा." त्यामुळं हा अनुभव सगळा माझाच.

सुरुवातच फुटलेल्या मडक्यानं झाली. खोका उघडला तर मधल्या मडक्याला वरपासून खालपर्यंत चीर. विकणाऱ्यांना कळवलं, त्यांनी फोटो मागितला. पाठवला. पुन्हा मागितला, वेगळ्या बाजूनं. पुन्हा पाठवला. पाच आठवड्यांनी पार्सल आलं ते उघडलं तर आत झाकण! मडकं नाही, झाकण. आता आमच्याकडे दोन झाकणं आहेत. (दुसऱ्याचा उपयोग पुढे जुलैत झाला, तो सांगतो.)

शेवटी एका रविवारी चिरकं मडकं गाडीला बांधून खानापूर गाठलं. बेळगावातल्या आमच्या अनगोळातून पाऊण तास. खानापूरला मातीकाम जुनं, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही तिथंच आहे. ओळखीतून एका कुंभाराकडे गेलो. त्यानं मडकं हातात घेतलं, बोटाच्या पेरानं कड मोजली, कानाजवळ नेऊन वाजवून बघितलं आणि म्हणाला, "हे घाईत भाजलंय." दोरीच्या जाळीवर त्याचा विश्वास नव्हता. ओल्यात कुजेल म्हणाला. त्याऐवजी तळ ठेवून त्यालाच भोकं पाडायचं ठरलं, पण ती कच्च्या मडक्याला, भट्टीत घालण्याआधी. भाजल्यावर पाडायला गेलात तर फुटणार. तीन आठवड्यांनी ३५० रुपयांत मडकं मिळालं. थोडं वाकडं आहे, इतर दोघांत शोभत नाही, पण भिंत जाड असून पाणी जास्त चांगलं शोषून बाहेर टाकतं. आणि दोरीचं त्याचं भाकीत खरं ठरलं. ऑगस्टमध्ये वरच्या मडक्याची जाळी तुटून सगळा ऐवज मधल्यात कोसळला.

आता मुख्य गोष्ट. सोबतच्या पुस्तिकेत (इंग्रजी आणि हिंदीत, मराठी-कन्नड नाही) लिहिलंय की ओल्यावर 'थोडं' कोकोपीट टाका. किती थोडं? खताचं गणित असं: कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागाला कर्बाचे साधारण २५ ते ३० भाग लागतात. भाजीच्या देठा-सालींत नत्र जास्त, वाळल्या पानांत, भुशात, चिपाडात कर्ब जास्त. नुसता ओला कचरा घातला तर नत्र उतू जातं, अमोनियाचा वास सुटतो. नुसतं कोरडं घातलं तर महिनोन्महिने काही होत नाही. पण स्वयंपाकघरात कोण कर्ब मोजणार? मला उत्तर सापडलं ते कामावर.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी एकवीस वर्षं मोल्डिंग (साचे करण्याचं काम) बघतोय. साच्याची वाळू तयार झाली की नाही, हे यंत्रावर बघायच्या आधी आम्ही हातानंच बघतो. मूठ भरून दाबायची, उघडायची. गोळा टिकला पाहिजे, बोटांचे ठसे उमटले पाहिजेत, मधोमध मोडला तर कड स्वच्छ निघाली पाहिजे. वाळूत ओल ३-४ टक्के, खतात ५०-६० टक्के, पण हात तोच. मडक्यातलं मूठभर घेऊन जोरात पिळा: एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर कोरडं कमी, आणि मूठ उघडल्यावर सगळं भुसभुशीत पडलं तर पाणी शिंपडा. ही परीक्षा सापडल्यापासून पुस्तिका उघडलेली नाही.

कल्चरच्या पुडीचीही गरज नाही, हे माझं ठाम मत. घरात विरजण काय आपण दुकानातून आणतो? पहिल्या वेळी आंबट ताक पाण्यात मोडून शिंपडलं, आणि पुढच्या प्रत्येक खेपेला आधीच्या खतातलं दोन ओंजळी नव्या मडक्यात. झालं विरजण.

कोकोपीट जानेवारीत संपलं. पुन्हा विकत घ्यायचं म्हणजे कचऱ्यासाठी महिन्याला पैसे मोजायचे, ते पटेना. मग जे जे फुकट मिळेल ते करून बघितलं. सुतारकामाचा भुसा नको: प्लायवूडचा असला तर त्यात डिंक-रसायन असतं, आणि साध्या लाकडाचा असला तरी कुजायला फार वेळ घेतो. भाताच्या गिरणीतलं तूस चांगलं की वाईट, हे अजून ठरवता आलेलं नाही. त्यामुळं मडक्यात हवा खेळती राहते, पण त्यात सिलिका असल्यामुळं ते कुजतच नाही म्हणा ना. तयार खतातही जसंच्या तसं सापडतं. रसवंतीवरचा उसाचा चोथा उत्तम, पण आणल्यावर दोन दिवस उन्हात कडक वाळवायला हवा, नाहीतर मुंग्यांची जत्रा. शेंगांची टरफलं हातानं चुरून टाकली तर छान. आणि सगळ्यांत वर, वाळलेला पाला.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या गल्लीत पानांचा नुसता सडा असतो. लोक सकाळी झाडून ढीग करतात आणि काडी लावतात. मी पोती घेऊन फिरायला लागलो. दोन-तीन दिवस लोकांनी बघून न बघितल्यासारखं केलं, मग शेजारच्या कन्नड अक्कांनीच आपला ढीग माझ्यासाठी बाजूला ठेवायला सुरुवात केली. नऊ पोती भरली. वाटलं, वर्षाची बेगमी झाली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात खानापूरच्या पाहुण्यांनी फणस आणला. दहा-अकरा किलोचा असेल. गरे खाल्ले, आठळ्या आईनं उकडायला बाजूला काढल्या, आणि उरलेली सगळी चारखंडं (साल आणि आतला चोथा) मी एका दुपारी वरच्या मडक्यात कोंबली. वर दोन मुठी पाला. त्याच रात्री पाऊस सुरू झाला आणि तीन दिवस थांबला नाही.

चौथ्या दिवशी आई परसदारातून आत आली आणि नाकाला पदर लावून म्हणाली, "काय घातलंस रे त्यात? येळ्ळूरच्या आमच्या उकिरड्याला असा वास कधी आला नव्हता." झाकण काढलं तर आत पिवळट चिकट लगदा, आणि त्यात शेकडो जाड, मळकट अळ्या. काही मडक्याच्या बाहेर निघून भिंतीवरून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत पोचल्या होत्या. बायकोनं काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

दोन गोष्टी मला तेव्हा माहीत हव्या होत्या. एक, त्या अळ्या 'ब्लॅक सोल्जर फ्लाय'च्या होत्या आणि त्या बिनधास्त राहू द्याव्यात. कचरा झपाट्यानं खातात, आणि त्यांची पूर्ण वाढलेली माशी घरमाशीसारखी ताटावर येऊन बसत नाही. त्या बाहेर पळत होत्या कारण आत फार ओलं झालं होतं आणि कोष करायला कोरडी जागा हवी होती. दुसरी गोष्ट वासाची. लगद्यात हवा राहिली नाही की हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि हवेविना जगणारे जोर धरतात. तो घाण वास त्यांचा. मोठ्या डेपोवर ओला कचरा दबून पडला की तिथंही हेच होतं आणि मिथेन निघतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून जास्त तापवतो. आपला कचरा तुरमुरीला, बेळगावच्या कचरा डेपोला, गेला म्हणजे संपला असं मी आजवर धरून चाललो होतो. तो तिथं काय करत असेल, याचं छोटं मॉडेल त्या दिवशी माझ्या परसात तयार झालं होतं.

उपाय सोपा, पण किळसवाणा. सगळं एका जुन्या पोत्यावर ओतलं, दीड पोतं पाला आणि थोडं तूस हातानं कालवलं, मोठी चारखंडं कोयत्यानं बारीक केली आणि परत भरलं. दोन दिवसांत वास गेला.

जुलैत मात्र खरी कसोटी लागली. उन्हाळ्यात मडक्याची माती ओल बाहेर टाकते, ही या वस्तूची खरी खुबी. पण बाहेरची हवाच ओलीचिंब असल्यावर ती कुठं टाकणार? मडकी बाहेरून हिरवी झाली, तुषार झाकणाच्या फटीतून आत जायला लागले. तेव्हा ते दुसरं झाकण पहिल्यावर उपडं घातलं आणि वर पत्र्याचा तुकडा ठेवून दगड ठेवला. काम झालं. पण पाला जुलैअखेरीलाच संपला. मे महिन्याला एक पोतं पुरत होतं, जुलैला तीन लागली. बेळगावात ही वस्तू घेणाऱ्यानं एवढं एकच लक्षात ठेवावं: मार्चमध्ये जेवढा पाला पुरेल वाटतो त्याच्या दुप्पट भरून कोरड्यात ठेवा. जांबोटी-कणकुंबीकडे, जास्त पावसाच्या भागात, राहत असाल तर मडकी पडवीतच ठेवा, उघड्यावर नकोच.

काय कुजत नाही, याचा अनुभव पुस्तिकेपेक्षा कामाचा. अंड्याची टरफलं तशीच राहतात, म्हणून आता कुटून टाकतो. फळांवरचे स्टिकर अमर आहेत. गणपतीचं निर्माल्य, दूर्वा, पत्री सुंदर मुरतं, पण हाराचा दोरा हल्ली सुती नसतो. तो आधी काढा, नाहीतर खत चाळताना चाळणीला गुंता. मासे-मटणाची हाडं एकदाच घातली, रात्री मांजरांनी झाकण पाडलं. आणि एका दुकानातून 'कम्पोस्टेबल' छापलेली पिशवी मिळाली होती, ती उत्साहानं मडक्यात घातली. चार महिन्यांनी काढली तर छापलेली अक्षरंसुद्धा वाचता येत होती. या पिशव्यांची चाचणी ५८ अंशांच्या आसपास, मोठ्या प्रकल्पासारख्या उष्णतेत होते. आमचं मडकं हाताला कोमट लागण्यापलीकडे तापत नाही. पिशवीचा दोष नाही म्हणा, पण पिशवीवर तसं लिहायला काय जातं?

एक परिणाम मी धरला नव्हता. रोज रात्री आपणच कचरा ओतायला लागलो की दिसायला लागतं, आपण काय फेकतो ते. आमच्या मडक्यात पहिल्या महिन्यात शिळा भात आणि अर्धवट खाल्लेला ब्रेड भरपूर होता. आता भात मोजून शिजतो. दोडक्याच्या शिरांची चटणी आईनं पुन्हा सुरू केली, कलिंगडाचा पांढरा भाग थालीपिठात जातो, मुळ्याचा पाला तर आता भाजीवालीकडून मागून घेतो. याउलट मुलांच्या चिप्स-नूडल्सची पाकिटं मडक्यात जात नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी बादली आहे. ती आठवड्यात भरते, हे धाकट्याच्याच लक्षात आलं. बंद केलंय असं नाही. पण संध्याकाळी नाचणीची आंबोळी मागितली जाते, हे आमच्या घरात नवीन आहे.

खत आतापर्यंत चार खेपा निघालं, प्रत्येक खेप चाळून नऊ-दहा किलो. पहिल्याला तीन महिने लागले. रंग काळा, वास पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा. मिरची, कढीपत्ता आणि गवती चहा खूश आहेत. एका कुंडीत आपोआप भोपळा उगवला आणि कुंपणावरून अक्कांच्या अंगणात गेला. त्यांनी दोन भोपळे तोडले, एक आमच्याकडे पाठवला, आणि आता दर महिन्याला कुंपणावरून विचारतात, "गोब्बर आतेनरी?" म्हणजे, खत झालं का? येळ्ळूरला भातशेतीत आयुष्य गेलेल्या आईनं मात्र खत चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाली, "शेणखताची सर नाही, पण चालेल."

पुन्हा घेईन का? हा संच नाही. खानापूरहून भोकं पाडलेली तीन जाड मडकी करून घेईन, हजार-बाराशेत होतील, झाकण कुंभाराकडूनच थोडं मोठं, कडेनं खाली आलेलं. कोकोपीट नाही, पुडी नाही, ते खुरपंही नाही. वस्तूपेक्षा तुमच्याकडे पाला ठेवायला कोरडा कोपरा आहे का ते आधी बघा. नसेल तर थांबा. मी जिन्याखालची जुनी सायकल काढून टाकली. तिथं यंदा अठरा पोती मावतील, मोजून बघितलंय.