कन्सील लाइट की सरफेस लाइट?

मुंबईच्या फ्लॅटमध्ये पहिला प्रश्न उंचीचा. कन्सील लाइट बसवायची तर पीओपीचं फॉल्स सीलिंग हवं, म्हणजे आधीच बुटक्या खोलीची चार-सहा इंच उंची गेली. सरफेस लाइट थेट स्लॅबला लागते. दिसायला कन्सीलच देखणी, वाद नाही.

खरी गोम वायरिंगची. कन्सीलमध्ये जोड सीलिंगच्या पोटात लपतात, आणि वायरमन नुसती टेप गुंडाळून मोकळा होतो. तसं चालवून घेऊ नका. जोड कनेक्टरने, झाकणाच्या बॉक्समध्येच हवा, वायर १.५ चौरस मिमी तांब्याची, सर्किटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच. ड्रायव्हर म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा छोटा डबा; त्याच्याभोवती मोकळी हवा ठेवा, कोंडलेल्या उष्णतेने तोच आधी जातो. भोक मात्र लाइटच्या मापाचंच ठेवा, ड्रायव्हर त्यातूनच बाहेर काढता येतो.

सरफेसमध्ये दोन स्क्रू काढले की सगळं समोर.

वरच्या मजल्याचं बाथरूम डोक्यावर असेल तर मी सरफेसच घेईन. फॉल्स सीलिंगमध्ये गळती आधी वायरींना कळते, आपल्याला नंतर. हॉलमध्ये कन्सील खुशाल लावा. काम कुठलंही असो, मेन स्विच बंद करून टेस्टरने तपासल्याशिवाय वायरला हात नको.