अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीवर एसक्यूएल क्वेरी: प्रवेशाच्या हंगामासकट वापरून पाहिल्यानंतर

कॉलेजचं बेळगावात मुख्य कॅम्पस, निपाणी आणि खानापूरला शाखा, विद्यार्थी-कर्मचारी मिळून काही हजार खाती विंडोजच्या सामाईक खातेवहीत, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत. लायब्ररी, हॉस्टेल, बसपास आणि लॅब-हजेरी ही चार सॉफ्टवेअरं मात्र नावांची आपापली यादी सांभाळणारी. मुलगा कॉलेज सोडून गेला तरी लायब्ररीत तो जिवंतच. यावर उपाय म्हणून एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमधून डिरेक्टरीला 'लिंक्ड सर्व्हर' (बाहेरच्या माहितीकडे जाणारी वाट) जोडला आणि एरवी टेबलवर चालवतो तशाच क्वेरी तिच्यावर चालवल्या. मत आधीच सांगून टाकतो: माहिती वाचायला झकास, ग्रुपच्या माहितीसाठी डोकेदुखी, आणि लॉगिनच्या वाटेत ही गोष्ट अजिबात ठेवू नये.

जोडणी अर्ध्या तासाची आहे. एसपी-अ‍ॅडलिंक्डसर्व्हर ही प्रोसिजर चालवायची, प्रोव्हायडर (दोन्हींमधला दुवा) म्हणून 'एडीएसडीएसओऑब्जेक्ट' द्यायचा, लिंकला 'एडीएसआय' नाव ठेवायचं. हा प्रोव्हायडर विंडोजबरोबरच येतो, त्यामुळे वेगळा खर्च नाही. मॅनेजमेंट स्टुडिओत त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अलाऊ इनप्रोसेस'ची खूण आहे का ते बघून घ्या. खाती वाचायला डोमेन अ‍ॅडमिन लागत नाही. साधं 'डोमेन युझर्स'मधलं एक वेगळं खातं काढा आणि सिक्युरिटी टॅबमध्ये सगळ्या लॉगिनसाठी तेच बसवा. 'सध्याच्या लॉगिनचा संदर्भ वापरा' हा पर्याय मोहात पाडतो, पण त्यात क्वेरी सर्व्हरसमोर बसून चालते आणि शेजारच्या पीसीवरून आपटते. तुमची ओळख पीसीवरून सर्व्हरवर आणि तिथून डोमेन कंट्रोलरवर (डिरेक्टरी चालवणाऱ्या सर्व्हरवर) अशी दोन टप्पे न्यावी लागते, आणि केर्बेरॉस डेलिगेशन (ओळख पुढे न्यायची परवानगी) लावल्याशिवाय दुसरा टप्पा होत नाही.

या खात्याच्या पासवर्डकडे लक्ष हवं. डोमेनची मूळ पॉलिसी तशीच ठेवली असेल तर पासवर्ड ४२ दिवसांनी संपतो आणि त्या रात्रीपासून एरर ७३२१ सुरू होते. ही एरर फारच मोघम आहे. पासवर्ड चुकला तरी ७३२१, ओयूचं (डिरेक्टरीतल्या कप्प्याचं) नाव चुकलं तरी ७३२१, कोटचं चिन्ह कमी पडलं तरी ७३२१. म्हणून आधी एका नावाची साधी क्वेरी चालवून बघायची. ती चालली तर दोष वाक्यात, नाही चालली तर जोडणीत.

कोटचा त्रास खरा आहे. डिरेक्टरीकडे जाणारं वाक्य ओपनक्वेरी या फंक्शनच्या आत सिंगल कोटमध्ये बसतं, त्यामुळे आतला प्रत्येक कोट दोनदा लिहावा लागतो. ओपनक्वेरी व्हेरिएबल घेत नाही, म्हणून वाक्य जुळवून एक्झिक्यूट करायची वेळ आली की दोनाचे चार होतात. शिवाय सिलेक्टनंतर नुसती चांदणी टाकली तर सगळे रकाने येत नाहीत, फक्त खात्याचा पत्ता येतो. हवा तो रकाना नावानिशी मागायचा. अर्धवट शोधासाठी लाइक आणि टक्क्याचं चिन्ह आत लिहू नका; तिथे बरोबरचं चिन्ह आणि चांदणी चालते. अटीत 'ऑब्जेक्टक्लास युझर' एवढंच लिहिलं तर लॅबमधले सगळे पीसीही विद्यार्थी म्हणून यादीत उतरतात, कारण डिरेक्टरीच्या स्कीमात (रचनेच्या नियमांत) कॉम्प्युटर हा युझरचाच पोटप्रकार. नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह दिसलं की समजायचं. 'ऑब्जेक्टकॅटेगरी पर्सन' ही अट जोडली की ते गळतात.

आता मुख्य अडचण. डोमेन कंट्रोलर एका पानात १००० च्या वर नोंदी देत नाही, आणि लिंक्ड सर्व्हरच्या वाटेने पुढची पानं मागायची सोय धडपणे मिळत नाही. हजारापलीकडे गेलं की एरर ७३३०, 'ओळ आणता येत नाही'. एनटीडीएसयूटिल या विंडोजच्या साधनाने ही मर्यादा वाढवता येते, पण ती सगळ्या डोमेनसाठी वाढते. मग कुणाचीही बेशिस्त क्वेरी सर्व्हरला दमवू शकते. तसं करू नका, क्वेरी फोडा. नेटवर सर्रास सल्ला मिळतो की पहिल्या अक्षरावरून फोडा. आपल्या भागात तो कुचकामी आहे. विद्यार्थ्याचं खातं व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) यूएसएनवर, म्हणजे विद्यार्थी क्रमांकावर काढलेलं असतं आणि बेळगाव विभागाचा प्रत्येक यूएसएन २ या आकड्यानेच सुरू होतो, म्हणजे सगळे एकाच ढिगात.

तोच यूएसएन नीट वाचला तर उत्तर त्यातच आहे. विभागाचा एक आकडा, कॉलेजची दोन अक्षरं, प्रवेशाच्या वर्षाचे दोन आकडे, शाखेची दोन अक्षरं, शेवटी तीन आकडी क्रमांक. क्रमांक तीनच आकडी असल्यामुळे एका कॉलेजच्या एका वर्षाच्या एका शाखेत ९९९ च्या वर नोंदी होऊच शकत नाहीत. कॉलेज, वर्ष, शाखा असा तुकडा धरून क्वेरी करायची आणि सगळे तुकडे युनियन ऑलने जोडायचे. तुकड्यांची यादी एका छोट्या टेबलात ठेवली की नवी शाखा सुरू झाल्यावर तिथे एक ओळ वाढवली की भागतं. मात्र यूएसएनवरून वर्ग ठरवू नका. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांचा क्रमांक ४०० च्या पुढचा आणि वर्ष एकाने पुढचं असतं. २०२१ च्या तुकडीबरोबर बसणारा मुलगा क्रमांकात २२ चा दिसतो. वर्ग परीक्षा विभागाच्या डेटाबेसमधूनच घ्या.

कर्मचाऱ्यांची खाती नावावर असतात आणि तिथे वेगळाच प्रकार. सॅमअकाउंटनेम, म्हणजे लॉगिनचं नाव, २० अक्षरांपुरतंच. इंग्रजी स्पेलिंगने चंद्रशेखर, टिंब, पाटील हे बरोबर वीसात बसतं. चंद्रशेखर कुलकर्णी बसत नाही आणि शेपूट कापलं जातं. कापलेलं नाव बायोमेट्रिकमधल्या पूर्ण नावाशी जुळवायला गेलं की जॉइन (दोन याद्यांची जुळणी) रिकामा. कर्मचारी क्रमांक 'एम्प्लॉयीआयडी'त भरून त्यावरच जॉइन करा. शहराच्या रकान्यावर गाळणी लावत असाल तर तिथेही सांभाळून: १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बदललं, त्यामुळे जुन्या खात्यांत एक स्पेलिंग आणि नव्यांत दुसरं. पिनकोडवर गाळणं सोपं पडतं.

मराठी किंवा कन्नडमध्ये भरलेलं डिस्प्लेनेम व्यवस्थित येतं, फक्त उतरवून घेणारा रकाना एनव्हारचार (युनिकोड) प्रकारचा हवा. साध्या व्हारचारमध्ये नाव प्रश्नचिन्हांची रांग होऊन बसतं. देवनागरी शब्द शोधायचा असेल तर सगळ्या वाक्याच्या अवतरणाआधी 'एन' लावायला विसरू नका.

तारखांचा हिशोब एकदा समजून घेतला की सुटतो. लास्टलॉगऑनटाइमस्टॅम्प, पासवर्ड कधी बदलला, खातं कधी संपतं या किमती १ जानेवारी १६०१ पासूनच्या शंभर नॅनोसेकंदांच्या मोजणीत असतात. आकड्याला ८६४००००००००० ने भागा, १०९२०७ वजा करा, डेटटाइममध्ये बदला आणि ३३० मिनिटं वाढवा. आपली वेळ मिळाली. पण 'अकाउंटएक्स्पायर्स'मध्ये कधीच न संपणाऱ्या खात्याची किंमत शून्य किंवा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ असते. यातला मोठा आकडा तारखेत मावत नाही, आणि तसली एकच ओळ अख्खी क्वेरी पाडते. केस लावून त्या दोन किमती आधीच बाजूला काढा. लास्टलॉगऑनटाइमस्टॅम्प मूळ सेटिंगमध्ये १४ दिवसांपर्यंत मागे असू शकतो. तीन महिने न वापरलेली खाती शोधायला तो पुरतो, आज लॅबला कोण आलं हे विचारायला नाही.

बंद खाती ओळखायला युझरअकाउंटकंट्रोल या रकान्यातला आकडा बघायचा. चालू खातं ५१२, बंद ५१४, पण पासवर्ड न संपणारं चालू खातं ६६०४८. म्हणून बरोबर ५१२ अशी अट न घालता दोनचा बिट तपासा. बाहेरच्या एसक्यूएलमध्ये तो '& २' ने सरळ तपासता येतो. 'नाही'च्या अटीचंही एक वळण आहे. 'मेल अमुक नाही' ही अट आतल्या वाक्यात लिहिली तर ज्यांना मेलच नाही तेही येतात. हीच अट बाहेर लिहिली तर ते नल (रिकामे) म्हणून गळतात. दोन रिपोर्टांचे आकडे जुळेनात तर आधी इथे बघावं.

ग्रुपबद्दल सांगायचं तर या साधनाने निराशाच केली. एकापेक्षा जास्त किमती धरणारा रकाना, जसा मेंबरऑफ, सिलेक्टमध्ये मागताच येत नाही. 'डेटाची किंमत बदलता आली नाही' असलं काहीतरी ऐकवून क्वेरी पडते. डिस्क्रिप्शनमध्ये दिसतं एकच वाक्य, पण स्कीमात तोही बहुकिमती, त्यामुळे तोही येत नाही. मेंबरऑफ अटीत चालतो. म्हणजे ग्रुपची यादी धरून प्रत्येकासाठी एक क्वेरी, असा फेरा घालावा लागतो. त्यातही ग्रुपच्या आतल्या ग्रुपमधली माणसं सुटतात. ती हवी असतील तर एलडॅपच्या (डिरेक्टरीशी बोलायच्या भाषेच्या) पद्धतीने गाळणी लिहून १.२.८४०.११३५५६.१.४.१९४१ हा नियम वापरावा लागतो. प्रायमरी ग्रुप, म्हणजे बहुतेकांचा 'डोमेन युझर्स', मेंबरऑफमध्ये दिसतच नाही. एवढी कसरत करण्यापेक्षा ग्रुपपुरतं विंडोजचं पॉवरशेल बरं.

सॉफ्टवेअरांना थेट लिंक्ड सर्व्हर दाखवू नका. रात्री एजंट जॉबने (एसक्यूएल सर्व्हरमधलं ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) सगळं एका कच्च्या टेबलात उतरवा, तपासा, मगच मुख्य टेबल बदला. तपासणीत एक अट हवीच: नोंदी आदल्या दिवसापेक्षा दहा टक्क्यांनी कमी असतील तर बदल करायचा नाही, निरोप पाठवायचा. ही अट नसेल तर लाईन तुटलेल्या रात्री अर्धी यादी उतरते आणि सकाळी हॉस्टेलच्या गेटवर अर्ध्या मुलांची कार्डं चालत नाहीत. टेबलची किल्ली ऑब्जेक्टजीयूआयडी (खात्याचा अंतर्गत ओळख-क्रमांक) ठेवा. दर जूनला ओयू बदलला की खात्याचा पूर्ण पत्ता बदलतो, जीयूआयडी बदलत नाही.

क्वेरी मधूनच संथ होत असेल तर ती कुठल्या कंट्रोलरकडे जाते ते बघा. पत्त्यात फक्त डोमेनचं नाव असेल तर विंडोज जवळचा कंट्रोलर शोधतं, पण 'साइट्स अँड सर्व्हिसेस'मध्ये एसक्यूएल सर्व्हरचा सबनेट (नेटवर्कमधला पत्त्यांचा पट्टा) नोंदलेला नसेल तर जवळचा कुठला हे त्याला कळणार कसं? मग बेळगावातली क्वेरी खानापूरचं दार ठोठावून येते, आणि पावसाळ्यात तिकडच्या लाईनचे हाल कुणाला वेगळे सांगायला नकोत. सबनेट नोंदवा.

लॉगिनबद्दल वारंवार विचारलं जातं की क्वेरीने पासवर्ड जुळवता येईल का. येत नाही; डिरेक्टरी पासवर्ड वाचूच देत नाही. लॉगिन तपासायचं ते एलडॅप बाइंडने (नाव-पासवर्ड देऊन डिरेक्टरीशी जोडून), ६३६ पोर्टवर, सर्टिफिकेटसह. त्यात एक जीवघेणी फट आहे: नाव भरलेलं आणि पासवर्ड रिकामा असा साधा बाइंड अनामिक म्हणून यशस्वी ठरू शकतो. बाइंडच्या आधी रिकामा पासवर्ड नाकारणारी ओळ तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे का, हे लिहिणाऱ्याला विचारा.

लिंकमधून अपडेट करता येत नाही, हा प्रोव्हायडर फक्त वाचतो. फोन नंबर दुरुस्त करायचे तर पुन्हा पॉवरशेलच. एसक्यूएल सर्व्हर लिनक्सवर असेल तर ही वाट मुळातच बंद. मग एसक्यूएल सर्व्हरला वगळून विकतचा ओडीबीसी ड्रायव्हर (प्रोग्रामला डिरेक्टरी टेबलसारखी दाखवणारा दुवा) वापरणं हा पर्याय उरतो. बहुतेक ड्रायव्हर पानं आपोआप मागतात, त्यामुळे हजाराची कटकट जाते. पण अटीत रकान्यावर लोअर किंवा सबस्ट्रिंग लावलं तर गाळणी डिरेक्टरीकडे न जाता सगळ्या नोंदी आधी तुमच्याकडे येतात आणि मग गाळल्या जातात. ऑफिसातलं एक्सेल ३२ बिटचं असेल तर डीएसएन (जोडणीची नोंद) सिसवॉव६४ फोल्डरमधल्या ओडीबीसीएडी३२ मधूनच करावा लागतो. सिस्टिम३२ मधला त्याच नावाचा प्रोग्राम ६४ बिटचा आहे, आणि त्यात केलेला डीएसएन त्या एक्सेलला चालत नाही.