पोर्टलवर अर्ज की ओळखीतून रेफरल?

पुण्याच्या हिंजवडीत आयटीतली नोकरी शोधणारे अनेक जण या पेचात असतात: नोकरीच्या वेबसाइटवर (पोर्टलवर) अर्ज टाकायचा, की कंपनीतल्या ओळखीच्या माणसाला आपलं नाव सुचवायला (रेफरल) सांगायचं.

वेळ बघितला तर पोर्टल सोपं. अर्ज पाच मिनिटांत जातो, पण म्हणूनच एकेका जागेसाठी अर्जांचा ढीग साचतो. जाहिरातीतली कौशल्यं रेझ्युमेत त्याच शब्दांत नसतील, तर भरती करणाऱ्याच्या शोधात आपलं नाव वर येत नाही. नोटीस पिरियडही, म्हणजे राजीनाम्यानंतर किती दिवस थांबावं लागेल तेही, स्पष्ट लिहा.

रेफरलला कष्ट जास्त. "दादा, काही असेल तर सांगा" एवढ्यावर समोरच्याला काहीच करता येत नाही. एकाच मेसेजमध्ये जॉब आयडी (त्या जागेचा क्रमांक), दोन ओळींत आपलं काम, पीडीएफ रेझ्युमे आणि "जमलं नाही तरी हरकत नाही" हे वाक्य असू द्या. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदाच आठवण करा. निकाल काहीही लागो, त्यांना कळवा; हे राहिलं की पुन्हा विचारायला तोंड राहत नाही. त्याच जागेसाठी कंपनीच्या साइटवर आधीच अर्ज केला असेल, तर बऱ्याच ठिकाणी रेफरल धरत नाहीत. म्हणून आधी विचारा, मग अर्ज करा.

मनावरचा ताण दोन्हीकडे आहे. पोर्टलवर उत्तर न येणं म्हणजे नापसंती नव्हे, अनेक रेझ्युमे उघडलेच जात नाहीत. रेफरलमध्ये संकोच आडवा येतो, आणि मुलाखत तरीही स्वतःच निभवावी लागते.

फ्रेशरने पोर्टल धरावं, सोबत कॉलेजच्या सीनियरांना विचारावं. दोन-तीन वर्षांच्या अनुभवानंतर रेफरलच आधी. गुपचूप नोकरी बदलणाऱ्याने पोर्टलवर सध्याची कंपनी ब्लॉक करून ठेवावी.