हनोई ते ह्युए: रात्रीच्या रेल्वेचा हिशेब

व्हिएतनाममधला हा साधारण तेरा-चौदा तासांचा प्रवास, म्हणजे हॉटेलचं एका रात्रीचं भाडं वाचतं. बर्थ चार-बर्थी कप्प्यातलाच घ्या. सहा-बर्थी कप्पा स्वस्त खरा, पण सगळ्यात वरच्या बर्थवर ताठ बसताही येत नाही. डब्यात गरम पाणी मिळतं, त्यामुळे पाकिटातले पोहे-उपमा चालून जातात. शाकाहारींनी गाडीतल्या जेवणावर विसंबू नये; साध्या भाजीतही फिश सॉस असतो. चहा-बिस्किटांचे पैसे देताना शून्यं मोजा, कारण २०,००० आणि ५,००,००० डोंगच्या दोन्ही नोटा निळ्या! ह्युए ते दा नांग मात्र दिवसाच करा, डावीकडच्या खिडकीशी. हाय वान घाटात रूळ अगदी समुद्राच्या कडेने जातात.