चीनमधून मोदकाचे साचे बनवून आणून देणारा एजंट, आमचा अनुभव

आमचं भांड्यांचं दुकान आहे, स्वतःच्या डिझाइनचे सिलिकॉनचे मोदक साचे हवे होते म्हणून नवी मुंबईतल्या एका एजंटकडून चीनमधे करून घेतले. सँपल एक नंबर, कळ्या टोकापर्यंत उठतात, मोदक न तुटता सुटतो, आणि डायचा (ज्यातून साचे काढतात त्या मूळ ठशाचा) खर्च इथल्यापेक्षा बराच कमी पडला. पण लॉट आला त्यात कितीतरी साच्यांच्या कडेला जास्तीचं सिलिकॉन तसंच, कात्री घेऊन कापत बसलो, परत पाठवायचं म्हटलं तर भाडंच परवडत नाही. त्यामुळे माल कंटेनरमधे चढायच्या आधी तिथेच इन्स्पेक्शन करून घ्याच, त्याचे पैसे गेले तरी चालतील.

दुसरं म्हणजे नुसता फॅक्टरी रेट धरून हिशोब करू नका. माल, भाडं, विमा, त्यावर कस्टम ड्युटी, आणि या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी). त्याचं क्रेडिट मिळतं हो, म्हणजे पुढे विक्रीवरच्या जीएसटीतून तो वजा होतो, पण तोवर पैसा अडकतो ना! न्हावा शेवा बंदरातून माल सोडवून घ्यायचा (क्लिअरिंगचा) खर्च वेगळाच.

चिनी नववर्षात फॅक्टऱ्या बंद असतात, गणपतीचा माल हवा तर त्या उघडल्या की लगेच ऑर्डर टाका.

एजंट फोन उचलतो, कागदपत्रं चोख. चार स्टार. थोडेच पीस लागत असतील तर मात्र इथेच बनवा.